लग्नसराईत झोपवलेली गाडी

दिवाळी सरली की रायपूरची हवा इतकी गोड होते की छप्पर उघडणारी गाडी दारात असताना घरात बसणं म्हणजे करंटेपणा. आणि मी दरवर्षी नेमकी त्याच दिवसांत माझी गाडी झोपवून ठेवत असे. लाल, बुटकी, दोघांपुरती स्पोर्ट्स कार. सेकंडहँड, पण माझी. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून मी फिटर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा भाऊ म्हणाला, फंडातून फ्लॅट घे, म्हातारपणी आधार होईल. मी म्हटलं, म्हातारपण आलं की बघू, आणि गाडी घेतली.

नवरा गेला तेव्हा मी ऐन पंचविशीत होते. त्याच्या जागी अनुकंपेवर नोकरी लागली. सगळ्यांना वाटलं, ही साहेबांच्या टेबलावर फायली नेऊन ठेवेल. मी पाना उचलला. त्यामुळे गाडी कशी झोपवायची हे मला कोणी शिकवावं लागलं नाही.

रायपूरच्या जुन्या बूढापारा वस्तीत माझ्या घराखाली शटरची एक खोली आहे. आधी गाडी धुवायची, आणि दोन दिवस उन्हात कोरडी होऊ द्यायची, नाहीतर दरवाज्यांच्या खालच्या कडेला गंज धरतो. मग मेण लावायचं. जुनं ऑइल काढून नवं भरायचं. पेट्रोलची टाकी काठोकाठ, कारण रिकाम्या जागेत दमट हवा बसते. बॅटरी काढून वर माझ्या खोलीत. हँडब्रेक ओढायचा नाही, तो महिन्यांनी तसाच चिकटून बसतो. मग जॅकने उचलून गाडी चार लोखंडी स्टँडवर ठेवायची, म्हणजे टायर एकाच जागी दबून चपटे होत नाहीत. सायलेन्सरच्या तोंडात तारेची जाळी, कारण बूढापाऱ्यातले उंदीर कोणाचे पाहुणे नाहीत, मालकच आहेत. शेवटी सुती चादर. प्लॅस्टिक नाही. गाडीलाही घाम येतो.

गल्लीतले विचारत, थंडीतच काहून? मी सांगे, परदेशात सगळे असंच करतात, असल्या गाड्यांना थंडी सोसत नाही. तिकडे बर्फ पडतो म्हणून करतात, इथे स्वेटरसुद्धा सकाळी दहाला काढावा लागतो, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझी थाप खपली.

खरं कारण लग्नसराई. गाडी घेतली त्या पहिल्याच थंडीत शेजारच्यांनी वरातीसाठी मागितली आणि भिडेखातर मी दिली. भीड भिकेची बहीण, हे मला ठाऊक असूनही दिली. त्यांच्या ड्रायव्हरने बँडमागे अर्धा क्लच दाबून तासन् तास रांगवली. परत आली ती क्लचप्लेट जाळून, बॉनेटवर चिकटपट्टीचे चट्टे घेऊन, आणि कापडी छपराला फटाक्याचं भोक पाडून. वर म्हणाले, दीदी, आपकी गाड़ी कमज़ोर है. त्यानंतर पुढची प्रत्येक लग्नसराई गाडीने स्टँडवर काढली. मागायला कोणी आलं की मी शटर वर करून दाखवायची. चाकं हवेत, बॅटरी वर. माणूस हळहळून परत जायचा, आणि मला तोंडाने नाही म्हणावं लागायचं नाही.

मग यंदा माझ्या भाच्याचं, म्हणजे भावाच्या एकुलत्या एका मुलाचं लग्न ठरलं. या पोराला मी मांडीवर वाढवलंय. भाऊ आला, स्टँडवरची गाडी बघून म्हणाला, "बाई, घरच्या पोट्ट्याच्या वरातीले तरी काढशील का नाही?"

मला आनंदच झाला. "काढीन ना भाऊ. आजच उतरवतो. पण चालवीन मी. तिचा क्लच दुसऱ्याच्या पायाले समजत नाही."

भाऊ चहाच्या कपात बघत म्हणाला, "ड्रायव्हर लावू ना आपण."

"काहून? मी हाओ ना."

"तू समजून घे ना बाई. वरातीच्या पुढे, नवरदेवाच्या बाजूले... तू... मी नाही मानत. पण लोकं बोलतात."

मला कळायला एक क्षण लागला. मी विधवा. वरातीच्या पुढे विधवा नको. हे बोलत होता माझा भाऊ, जो दर जयंतीला माइकवर शुभ-अशुभ हे थोतांड आहे म्हणून घसा कोरडा करतो. आमच्या घरात मुहूर्त नाही, पत्रिका नाही, लग्न बुद्धवंदनेने लागतं. सगळं सोडलं आम्ही. एवढं एकच कुठल्या तरी कोपऱ्यात जपून ठेवलं होतं, ते माझ्यासाठी बाहेर काढलं.

"तूच म्हणत होता ना माइकवर, का हे सब झूठ आहे?"

"माइकची गोष्ट वेगळी राहते," तो म्हणाला.

"मग गाडीची पण वेगळीच राहू दे. नाही देत."

आयुष्यात पहिल्यांदा मी शटर न दाखवता नाही म्हटलं. तो गेल्यावर मी खाली उतरले, चारही चाकं खोलली, एकेक करून जिन्याने वर नेली आणि पलंगाला टेकवून उभी केली. राग आला की मला काहीतरी जड उचलावंसं वाटतं.

दोन दिवसांनी भाचा आला. मला वाटलं, हा तरी म्हणेल, आत्याच चालवेल. तो म्हणाला, "आत्या, पापा को समझाना मुश्किल है. आप चाबी दे दो ना, बात ख़त्म."

"बात ख़त्म कशी? तुले काय वाटते ते सांग. मी तुह्या बाजूले बसलेली चालते का नाही?"

"मुझे तो चलता है आत्या. लेकिन..."

त्या "लेकिन"ने मला भावाच्या बोलण्यापेक्षा जास्त दुखवलं. मी त्या रात्री रडले, आणि चाकं पलंगाला टेकून उभी होती. मग सकाळी एक गोष्ट लख्ख कळली. इतकी वर्षं मी गाडी नव्हे, माझी जीभ झोपवून ठेवत होते. लोकांना नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणून वर्षातले सगळ्यात सुंदर महिने मी चादरीखाली झाकून टाकले होते.

लग्नाच्या दुपारी मी चाकं खाली आणली, चढवली, गाडी स्टँडवरून उतरवली, बॅटरी जोडली, सायलेन्सरची जाळी काढली. पहिल्या चावीला ती खोकली, दुसरीला चालू झाली. मोरपंखी साडी नेसले, शाल गुंडाळली, छप्पर उघडलं आणि निघाले. वरातीसाठी नाही. आत्या म्हणून, लग्नाला.

हॉल नवा रायपूरकडे होता. तिकडचे रस्ते इतके रुंद की गाडीला प्रथमच मोकळा श्वास मिळाल्यासारखं वाटलं. शेवटच्या वळणावर मात्र पुढे वरात. भाड्याच्या उघड्या जीपमध्ये भाचा, पुढे बँड, नाचणारे, सगळा रस्ता अडवून. मी मागे थांबले. वाट बघितली असती तर रांगत जावं लागलं असतं, आणि क्लच पुन्हा जळला असता. हे कारण खरं होतं. पण देवाशपथ सांगते, म्हणजे आमच्यात देव नाही तरी सांगते, नुसतं तेवढंच कारण नव्हतं.

मी हॉर्न दिला. नाचणारी पोरं वळली, लाल गाडी बघून ओरडली आणि आपणहून बाजूला झाली. बँडवाल्यांना वाटलं, ही वरातीतलीच गाडी, त्यांनी आणखी जोरात वाजवलं. मी हळूच जीपच्या बाजूने निघाले. भाच्याने मला बघितलं, त्याची मान खाली गेली. भावाने बघितलं, हात अर्धा वर केला, थांब म्हणायला की काय, आणि तसाच ठेवला. मी पुढे गेले. बँडच्याही पुढे.

हॉलच्या दारात नवरीकडच्या बाया फुलांची तबकं घेऊन उभ्या होत्या. त्यांना माझ्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. वरातीची पहिली गाडी दिसली आणि त्यांनी मूठमूठ पाकळ्या माझ्यावर उधळल्या. केसांत, मांडीवर, सीटवर. मी गाडी बंद केली आणि तशीच बसून राहिले. मागून भाऊ चालत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर एकही पाकळी नव्हती.

लग्न व्यवस्थित लागलं. कोणाचं काही वाईट झालं नाही. भाऊ अजून माझ्याशी मोजकंच बोलतो, आणि मीही आधी बोलायला जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडून सीटच्या शिवणीतल्या पाकळ्या वेचत होते, तेव्हा गल्लीतल्या काकू थांबल्या. रिकामे स्टँड भिंतीला लावलेले बघून म्हणाल्या, "काहून जी, या गाडीले थंडी नाही सोसत ना?"

"सोसते," मी म्हटलं. "मी खोटं बोलून राहिली होती. तुमच्या पोराच्या वरातीले पाहिजे असेल तर सांगजा. चालवीन मी."