बचिंत कौरने न मारलेली लाथ

पंजाबातल्या मोग्याकडच्या त्या गावात बातमी अशी पसरली होती की, बचिंत कौरने थोरल्या दिराला लाथ मारून त्याची कंबर मोडली, म्हणून त्याला शहरात न्यावं लागलं. बातमी गल्लीतल्या तारोने पसरवली, म्हणजे निम्मी तरी खोटी असणारच. ही तर पूर्णच खोटी निघाली. लाथ मारली नाही, हाच तर बचिंतचा गुन्हा होता.

बचिंत पायाळू, जन्मताना आधी पाय बाहेर आलेली; अशा माणसाची लाथ लागली की उसण उतरते, असं गाव मानायचं. उसण भरलेला माणूस सकाळी अनशापोटी तिच्या अंगणात पालथा पडायचा, ती डावी टाच त्याच्या कमरेला तीनदा टेकवायची. उसण चार दिवसांत आपली आपणही उतरते, हे तिला ठाऊक होतं. पण ते सांगून आपला मान कोण घालवून घेतो? टाच लावण्याआधी ती दोन-तीन प्रश्न विचारायची. गावाला वाटायचं, तो मंत्राचाच भाग.

वैशाखात गव्हाचं पोतं उचलताना तिचा थोरला दीर हाकमसिंग याची कंबर धरली. तिसऱ्या दिवशी त्याची बायको नसीब कौर त्याला धरून घेऊन आली आणि खाटेवर पालथं घातलं. गल्ली जमली. बचिंत चाळीस वर्षांत या दिरासमोर घुंगटाशिवाय आली नव्हती, एक शब्द बोलली नव्हती. आता पाय कसा लावते, ते सगळ्यांना बघायचं होतं.

बचिंत बघत होती दाराकडे. हाकमसिंगची एक जुती उंबऱ्यातच गळून पडली होती आणि त्याला पत्ता नव्हता.

कंबर धरली तेव्हा तिच्या नवऱ्याची, दरबारासिंगची चप्पल अशीच गळायची. त्याला तिने तीन सकाळी टाच लावली होती. तो लघवीला उठत नाही हे तिच्या लक्षात आलं होतं, पण सासू शेजारी बसलेली, विचारायचं कसं? डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. पुढे अकरा वर्षं, मरेपर्यंत, तो खाटेवरून उठला नाही.

"बहनजी, त्यांना विचारा, लघवी कधी झाली?" ती जावेला म्हणाली.

"अगं, भर गल्लीत?"

बचिंतने घुंगट वर केला. "भाईजी, बसायची जागा बधिर वाटते का? लघवी होते का?"

हाकमसिंग खाटेत तोंड खुपसून म्हणाला, "बधिर आहे. कालपासून नुसती थेंब थेंब."

"पाय लावणार नाही मी. गाडी आणा. उचलताना कंबर वाकवू नका."

"लाज वाटते म्हण की," तारो म्हणाली.

"सगळ्या गावाला पाय लावतेस," नसीब कौर रडत म्हणाली, "आणि घरच्या माणसाला दारातून परत पाठवतेस?"

बचिंत तोवर आलेल्या गाडीच्या मागच्या बाकावर गोधडी अंथरत होती.

मणक्यातली गादी सरकून नसा दाबल्या होत्या. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. एक पाय जरासा ओढत, काठी टेकत, हाकमसिंग श्रावणात स्वतःच्या पायांनी तिच्या अंगणात आला.

"चाळीस वर्षं तोंड उघडलं नाहीस," तो म्हणाला, "आणि उघडलंस ते गल्लीसमोर माझ्या लघवीची गोष्ट काढायला?"

बचिंत कौर म्हणाली, "भाईजी, ह्यांना विचारायला लाजले, आणि अकरा वर्षं ह्यांना कुशीवर वळवत बसले. बहनजींच्या हातांत तेवढी ताकद नाही."