कमरेवरचा काळा पट्टा

आमच्या किनाऱ्यावरच्या कामकरी बायकांच्या कमरेवर काळा पट्टा असायचा. लुगडं जिथे करकचून आवळलं जातं, तिथली कातडी जाड होते, काळवंडते, खाजते. बाईमाणसाला हे असायचंच, असं आम्ही पुरुष धरूनच चाललो होतो. बघितलं कोणी होतं? सैल नेसणारी बाई मात्र साऱ्या गावाला लगेच दिसायची. मीसुद्धा लग्नकार्याला जाताना बायकोला "नीट आवळून नेस" म्हणून बजावलेलं आहे.

माझी थोरली बहीण केळव्याला दिलेली. सासरची पानवेलींची वाडी. पाटाच्या पाण्यात लुगडं अंगावर भिजायचं आणि अंगावरच वाळायचं. साठ सालानंतरची गोष्ट. तिच्या त्या पट्ट्यावर पांढुरका चट्टा उठला, मग तो चिरला आणि चीर काही भरेना. दाजी तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर पुरुष, म्हणून ही पडद्याआड बसली आणि दाजींनीच सांगितलं, "कमरेला खाज हाय." डॉक्टरांनी गजकर्णाचं मलम दिलं. न बघता! वर्षभर तेच मलम चाललं. मी पालघरला शाळामास्तर. अधूनमधून तिच्याकडे जायचो, ती कमरेवर हात दाबून वावरताना बघायचो, "मलम लावतेस ना?" एवढं विचारायचो आणि एसटी पकडायचो. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःची शिसारी येते.

लुगड्याला रक्त लागायला लागलं तेव्हा मी तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे जखमेचा तुकडा काढून तपासला. कातडीचा कॅन्सर निघाला.

तपासणी करणाऱ्या तरुण डॉक्टरवर मी उगाचच उखडलो. "एवढं सगळं होईपर्यंत शरीर गप्प कसं बसलं?"

"गप्प? या इकडे, मास्तर."

त्याने मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. गुलाबी रंगात कॅन्सरच्या पेशींचे पुंजके होते आणि त्यांच्याभोवती बारीक निळ्या ठिपक्यांची दाटी. "या पांढऱ्या पेशी. रंग दिल्यावर निळ्या दिसतात. रोगाला अडवायला धावून येतात." मग त्याने काच जराशी सरकवली. "ही कड. इथे अजून कॅन्सर नाही, कातडी नुसती बिघडायला लागलीय. तरी बघा, इथेही जमल्यात."

"मग हरल्या कशा?"

"कधी रोखून धरतात, कधी नाही. का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण रोज तीच जागा आवळायची, तीच घासायची, तर त्यांनी तरी किती पुरं पडावं?"

मी उठलो तो संतापानेच. डोळे नसलेल्या त्या ठिपक्यांना कळलं होतं. तीन धडधाकट डोळस पुरुषांना कळलं नव्हतं.

ऑपरेशन झालं, जखम भरली. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, कमरेला काही बांधायचं नाही. तिथे पुन्हा घासलं तर पुन्हा उठू शकेल. मी तिला खांद्यावरून सोडलेला पायघोळ झगा शिवून घेतला आणि सासरी पोचवायला गेलो.

सासूबाई ओटीवर होत्या. "ही कोन आली? पाद्रीण? आमच्या घरात सुना लुगडं नेसतात."

दाजी जमिनीकडे बघत म्हणाले, "लुगडंच नेस गो. लोकं हसतात."

"हसू देत!" मी ओरडलो. "तिची कंबर कापून काढलीय, दाजी! परत कापायची आहे काय?"

बहिणीने मला हातानेच थांबवलं. ती सासूसमोर बसली. "आत्याबाई, तुमचा पट्टा दाखवा."

"मेले, लाज नाय तुला?"

"होती तवर होती. दाखवा. भाऊ, तू नि हे, तोंडं फिरवा."

आम्ही वाडीकडे तोंड केलं. मागे बराच वेळ नुसती कापडाची सळसळ. मग बहिणीचा बदललेला आवाज. "हे कवापासून चिरलंय?"

"जुनं हाय. खाजतं जरा."

"कोनाला दावलं नाय?"

"कोनाला दावू?" म्हातारी म्हणाली.

दाजी माझ्या शेजारी तसेच पाठ करून उभे होते. आई त्यांची होती. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना वळवलं.