मधल्या मापाचा हार

त्या खंडेनवमीची आठवण मनातून अजून गेलेली नाही. त्या दिवशी चोरीचा तपास ज्यांनी लावला, ते आमचे हवालदार गेल्या महिन्यात वारले. त्यांच्या तेराव्याहून आल्यापासून हे लिहितो आहे. दोन ओळी झाल्या की थांबतो. पण त्यांचं नाव निघालं की आधी हसूच येतं, म्हणून हीच केस निवडली.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. एका सकाळी एक तरुण फिर्याद द्यायला आला. त्याची मोटारसायकल चोरीला गेली होती. साडेसहाशे सीसीची, दिसायला शर्यतीची, पण हँडल उंच आणि बैठक सरळ. तो कागलच्या एमआयडीसीत नोकरीला होता आणि पाठीला डब्याची पिशवी अडकवून रोज त्याच गाडीवर ये-जा करायचा. दोन दिवस पुण्याला गेला, परत येतो तो अंगणात गाडी नाही.

अंगणात तुटलेल्या लॉकचा तुकडा नव्हता, गाडी फरफटत नेल्याची खूणही नव्हती. म्हणजे गाडी चावीनं नेली होती. एक चावी तरुणाजवळ होती. दुसरी घरच्या कपाटात. ती त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवली. अण्णांचं खताचं दुकान, बोलणं मोजकं.

राहिला मिस्त्री. आठवड्यापूर्वी गाडी त्याच्या गॅरेजात सर्व्हिसिंगला होती, चावीची नक्कल करायला त्याला वेळ मिळाला होता. त्याला तीनदा बोलावलं, जबाब घेतला, गॅरेजची झडती घेतली. काही मिळालं नाही. नंतर एक दिवस तो न बोलावता आला.

"साहेब, काल एका गिऱ्हाईकानं चावी दिली आन् जागचा हाललाच न्हाय. म्हणला, हितंच थांबतो. वीस वर्सं गॅरेज हाय माझं. गाडी घावली न्हाय तर शटर वडायची पाळी येतीया."

मला तो खरा वाटत होता. पण तपासाच्या डायरीत 'वाटतं' असं लिहिता येत नाही.

खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजा असते. रायफली पुसून टेबलावर मांडतात, जीप धुतात. हार आणायचं काम हवालदारांचं. ते हार घेऊन आले ते थेट माझ्या केबिनमध्ये.

"साहेब, त्या अण्णांच्या घरात गाड्या किती?"

"स्कूटर आणि दुकानाचा टेम्पो. तिसरी चोरीला गेली."

"आन् हार तीन घेतले की. फूलवालीकडं माझ्याच म्होरं हुते. एक टेम्पोचा, एक स्कूटरचा. तिसरा कसला मागितला ठावं हाय? टेम्पोपेक्षा ल्हान, स्कूटरपेक्षा मोठा. म्हणले, मधल्या मापाचा दे."

"दुकानाच्या काट्याला घेतला असेल."

"इचारलं की. व्हय म्हणले, काट्याला. एवढा हार घातल्यावर काटा दिसायचा न्हाय साहेब. खत काय अंदाजानं इकणार?"

दुपारी अण्णांना प्रसादाला बोलावलं. चौकशीत मी फार प्रश्न विचारत नसे. माणूस समोर बसला की गप्प राहायचं. ती शांतता बहुतेकांना सोसत नाही. पेढा झाला, चहा आला. मी एवढंच म्हणालो, "काट्याची पूजा झाली म्हणे."

"पूजेचा फोटो काढला असंल की अण्णा, दावा," हवालदार म्हणाले, "आमी बी बघतो काटा."

अण्णांनी कप खाली ठेवला. "कबनूरला हाय गाडी. भनीच्या बंद पडल्याल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये. मीच टेम्पोत घालून नेली. चावी परत कपाटात ठेवली."

"का?"

"एकुलता एक हाय. रोज हायवेनं जातोय. असल्या गाड्या पळवायलाच केलेल्या असत्यात. त्यो येईपातूर त्याची आई फाटकापासनं हालत न्हाय."

"मग हार कशाला?"

अण्णा जरा चिडलेच. "वर्साचा सण हाय साहेब. गाडीनं काय गुन्हा केलाय? तिला एकटीलाच बिनहाराची ठेवू व्हय?"

हवालदारांना अचानक खोकला आला आणि ते बाहेर गेले.

"आणि मिस्त्री?" मी विचारलं.

आता अण्णांची मान खाली गेली. "त्याचं नाव निघंल असं वाटलं न्हवतं. निघाल्यावर तोंड उघडायचं धाडस झालं न्हाय."

कबनूरच्या शेडमध्ये गाडी लख्ख धुऊन उभी होती. दिव्यावर हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू, आणि हार अगदी मापात. बरोबर आलेला मुलगा आधी संतापला. मग गाडीकडे बघून हसत सुटला. म्हणाला, "अण्णा, मी तरी एवढी कवा धुतली न्हवती."

फिर्याद गैरसमजातून झाली, असा अहवाल न्यायालयात पाठवून आम्ही तपास बंद केला. अण्णांना मात्र सांगितलं, "फाईल मी मिटवतो. मिस्त्रीचं नाव तुम्ही साफ करायचं."

दसऱ्यानंतरच्या शनिवारी, गॅरेजात गर्दी असताना, अण्णा मुलाला घेऊन त्याच गाडीवर आले. मीही गेलो होतो. चार लोकांदेखत त्यांनी सगळं सांगितलं आणि हात जोडले. मिस्त्रीनं शांतपणे हात पुसले, मुलाकडून चावी घेतली आणि अण्णांना म्हणाला, "माफी ऱ्हाऊ द्या. मागं बसा."

मला वाटलं, हायवेवर नेऊन आता हा त्यांना वेग दाखवणार. तसं काही झालं नाही. ती दमदार गाडी त्यानं सायकलीच्या वेगानं भर बाजारपेठेतून नेली. एकदा नाही, तीन फेऱ्या मारल्या. पानवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी पाहिलं: मिस्त्री पुढं, आणि त्याच्या खांद्याला धरून अण्णा मागं. उतरल्यावर अण्णा म्हणाले, "बसायला बरी हाय की. मला वाटलं पळतीच नुसती." सोमवारी गॅरेजपुढं गाड्यांची रांग होती.

त्या केसनं मला एक शिकवलं. संशयितावर काही निघालं नाही की आम्ही फाईल बांधून ठेवतो, पण त्याच्या गल्लीत ती फाईल कोणी वाचत नाही. लोकांनी त्याला पोलिसांबरोबर जाताना पाहिलेलं असतं, तेवढंच राहतं. म्हणून पुढं ज्याला ज्याला चौकशीला बोलावलं आणि जो निर्दोष निघाला, त्याच्या घरी मी गणवेशात, दिवसाढवळ्या चहाला गेलो. पहिल्या घरी मी आत जाऊन बसू लागलो, तर तिथल्या म्हातारीनं खुर्ची उचलून रस्त्यावर नेऊन ठेवली.

"हितं बसा साहेब," ती म्हणाली, "आन् सावकाश प्या."