देवासाठी तोडलेल्या कळ्या

सकाळी चहा पिता पिता पुढच्या वर्षी बागेत काय लावायचं ते मी मनाशी ठरवत होते. भिंतीपाशी अनंत, फाटकावर मधुमालती. तेवढ्यात कुंपणावरून काठीची वाकडी मूठ आत आली आणि माझ्या जास्वंदीची फांदी तिनं खाली ओढली. समोरच्या बिल्डिंगमधले काका फिरायला निघाले होते. फुलं संपली तसा त्यांनी कळ्यांना हात घातला.

"काका, कळ्या तरी ठेवा!" मी ओरडले.

"अहो ताई, देवासाठीच नेतोय. वाटीभर पाण्यात ठेवल्या की घरी उमलतात."

देवासाठी! म्हणजे पुढे बोलायची सोयच नाही. शेणखत मी कालवायचं, पानांवरचा मावा मी पुसायचा, मे महिन्यात भाज्या धुतलेलं पाणी मी जपून घालायचं, आणि पुण्य मात्र यांच्या देव्हाऱ्यात. त्या देवाला तरी असली पूजा गोड कशी लागते?

अनंत राहू दे, मधुमालतीही राहू दे. येत्या वर्षी या जास्वंदीचं एक तरी फूल फांदीवरच मिटून आपल्या मुळाशी गळताना मला बघायचं आहे. देवाला ते हवंच असेल, तर त्यानं स्वतः फाटकातून यावं आणि मला विचारून न्यावं.