कापराच्या पुरचुंड्या

कापराचा वास आला की लडाखला निघण्याआधीचा तो आठवडा आठवतो. गाडीनंच जायचं, हा हट्ट आईचा. टावर चौकातून मोजे, टोप्या, औषधं आणून आम्ही थकलो होतो, चिवडा-लाडू करून तीही. आदल्या संध्याकाळी, उंचावर दम लागला तर हुंगायला म्हणून, ती जुन्या साडीच्या तुकड्यांत कापूर बांधत बसली. वडिलांची, बहिणीची, माझी पुरचुंडी झाली आणि तिनं डबी बंद केली. "तुझी?" मी विचारलं. "तुम्ही लोक होऊन या. मला आता फ्रीगंजचा पूलसुद्धा चढवत नाही." मी तिची बॅग उचलून पाहिली, ती रिकामीच होती. हल्ली त्या पुलावर मीही मध्येच थांबतो, आणि तो आठवडा तिनं ओट्यापाशी उभ्यानं कसा काढला असेल, असं वाटत राहतं.