मागून येणारा आवाज

मोटार शिकवणाऱ्या शाळेत सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणायचे. शिकाऊ गाडीत मास्तरच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि या गृहस्थांचा पाय त्यावरून म्हणून कधी हलला नाही. लांबवर कोपऱ्यात कुत्रं दिसलं की यांनी ब्रेक दाबलाच. शिकणारे वैतागायचे, पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या कुणी कुणाला ठोकल्याचं ऐकिवात नाही. असा हा अतिसावध माणूस रोज पहाटे पोटच्या पोरीवर मात्र "अजून जोरात!" म्हणून ओरडायचा, याचं त्यांच्या बायकोला भारी हसू यायचं.

मुलगी सायकलच्या शर्यतीत उतरायची. बाप पुढे स्कूटरवर, लेक मागे सायकलवर, अशी त्यांची तयारी. एक हॉर्न म्हणजे जीव खाऊन मार, दोन म्हणजे दम घे. शर्यतवाले इंटरव्हल इंटरव्हल म्हणतात ते शेवटी एवढंच असतं, बाकी सगळा शब्दांचा फुलोरा. आणि गंमत बघा, सराव करताना मुलीला मास्तरांनी कधी धड पाहिलंच नव्हतं. ते पुढे, पाठ तिच्याकडे. आरशात बघावं तर रस्त्यावरची नजर हलवणार कोण? ते तिला ऐकायचे. टायरची घरघर बारीक झाली की पोरगी वेगात आहे, श्वास फाटायला लागला की दोन हॉर्न. दमल्यावर तिचा चेहरा कसा होतो ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण ती आता हात टेकणार हे तिच्याआधी त्यांना कळायचं.

मग काचबिंदू निघाला. समोरचं दिसायचं, बाजूचं गेलं. एका सकाळी डावीकडून आलेला पेपरवाला त्यांना दिसलाच नाही. मुलगी मागून किंचाळली म्हणून तो वाचला. ब्रेकमास्तरांनी स्कूटर कडेला लावली, किल्ली मुलीच्या हातात दिली आणि पायी घरी आले. शाळेलाही त्याच दिवशी कळवून टाकलं. नोकरी गेली त्याचं त्यांना तितकं लागलं नाही. पहाट गेली, ते फार लागलं.

निवड चाचणी तोंडावर आली होती. "एकटी रस्त्यावर जायचं नाही," आईने बजावलं. तेव्हा मुलीनेच घरात चालणाऱ्या स्मार्ट ट्रेनरचा विषय काढला. सायकल त्यावर बसवायची, कधी जोर, कधी विश्रांती ते यंत्रच सांभाळतं.

"म्हणजे हॉर्नसुद्धा तेच वाजवणार?" मास्तरांनी विचारलं.

"हॉर्न लागतच नाही, बाबा. ते आपोआप जड होतं."

मास्तर हसले. बायको ते हसू ओळखून होती. तिने चहाचं विचारलं.

दुकानात दोन तऱ्हेची यंत्रं होती. एकात सायकलचं मागचं चाक तसंच ठेवून रोलरवर टेकवायचं. दुसऱ्यात चाक काढून चेन थेट यंत्रावर चढवायची. "ताईंना हे चाक काढायचंच घ्या," दुकानदार म्हणाला. "कितीही झटका मारा, घसरत नाही. आणि आवाज म्हणाल तर शेजारच्या खोलीत पत्ता लागणार नाही."

"आधी ते पहिलं चालवून दाखव," मास्तर मुलीला म्हणाले.

ती बसली. टायर रोलरवर घरघरलं आणि हळूहळू बारीक होत गेलं. मास्तरांनी डोळे मिटले.

"हेच घेऊ," ते म्हणाले. "चाक काढायची कटकट नाही."

मुलीने एकदा दुकानदाराकडे पाहिलं, एकदा बापाच्या मिटलेल्या डोळ्यांकडे. "चालेल," म्हणाली.

तिची खोली एवढीशी. सायकल आणि मोठा पंखा मांडल्यावर खुर्चीला जागा उरेना. मास्तर दाराबाहेर बसू लागले, सवयीने तिच्याकडे पाठ करून. पंखा कितीही ओरडो, टायरची घरघर त्यातून वर यायची. "अजून जोरात!" ते बाहेरून ओरडायचे. माणूस पुन्हा जेवायला लागला, बायकोशी भांडायलाही लागला.

पण मुलगी पेडलवर उभी राहून झटका मारायची तेव्हा टायर रोलरवरून सटकायचं. चर्र! तिने रोलर आवळून पाहिला, टायर बदलून पाहिलं. सटकायचं ते सटकायचंच. घरात हे सगळ्यांत आधी कुणाला कळलं असेल तर मास्तरांना. त्यांचे कान कसले तयार! तरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. ज्याने आयुष्यभर परक्यांच्या चुकीवर वेळेत ब्रेक दाबला, तो स्वतःच्या चुकीवर पाय ठेवायला धजेना.

एकदा मास्तर कोपऱ्यापर्यंत जाऊन आले आणि हळूच खुर्चीवर टेकले, तेव्हा बायको आत मुलीपाशी होती. पंखा बंद झाल्याचं ऐकू आलं, मग हुंदका. "आई, जोर मी लावते आणि जातो कुठे तेच कळत नाही," मुलगी सांगत होती. "बाबाला नको सांगूस. त्याला ऐकू येतं ना, म्हणून घेतलंय ते."

मास्तर खुर्चीवरच बसून राहिले. पोरीला दुकानातच सगळं कळलं होतं तर. त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बायकोला बरोबर घेऊन ते स्वतः दुकानात गेले आणि यंत्र बदलून आणलं. "त्या घरघरीने माझं डोकं उठतं," त्यांनी मुलीला सांगितलं. तिने विश्वास ठेवल्यासारखं केलं.

संध्याकाळी ते नेहमीसारखे दाराबाहेर पाठ करून बसले. पंखा सुरू झाला. मास्तरांनी कान टवकारले. नुसता पंखा. बूट बांधत असेल, त्यांना वाटलं. ते थांबले. बायकोचा स्वयंपाक होत आला, तरी ते थांबलेलेच.

"चल गं, सुरू कर आता!" शेवटी ते ओरडले.

पंखा थांबला. मुलगी टॉवेलने मान पुसत बाहेर आली. तिचा श्वास फाटला होता. तो आता कुठे त्यांना ऐकू आला.

"झालं, बाबा."

"कसं झालं?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हे तिला कधी विचारावं लागलं नव्हतं.