कस्तुराबाईची जट

आमच्या अक्काचे केस म्हणजे घराला एक कामच होतं. कुरळे, आणि दाट इतके की अंबाडा घातला की डोक्यावरचा पदर चार बोटं वर उचलायचा. आठ दिवस तेल चुकलं की गुंता असा व्हायचा की फणीचे दात मोडावेत. तिचं नाव कस्तुराबाई, ती माझी थोरली जाऊ. मी रतन. लोणावळ्यात लेकाकडं राहून माझी बोली जरा सुधारली म्हणतात, जीभ मात्र होती तीच आहे. तेव्हा मी सांगणार ते सगळं सांगणार, कुणाला राग आला तर येऊ दे.

आमचं गाव लोणावळ्याच्या अलीकडं दोन कोसांवर. खाली भातखाचरं, वर मुरमाड माळ. माळावर आम्ही कारळा पेरायचो. कारळ्याला पिवळी फुलं आली की सगळा उतार हळद लावल्यासारखा दिसायचा. पिकाची राखण करायला थोरले भावजी, महिपती, तिथं खोपीत बसायचे. माझं लग्न होऊन दोनेक महिने झाले असतील. सासूबाईंनी मला भाकरी घेऊन माळावर पाठवलं. अक्का सकाळीच गवत आणायला गेली होती, ती अजून आली नव्हती. जाऊन बघते तर ही बाई खोपीपुढं दगडावर बसलेली, केस सगळे मोकळे, आणि तिच्या मागं भावजी! करवंटीत कारळ्याचं तेल. त्यात बोटं बुडवून ते एकेक बट सोडवत होते. आणि ती त्यांना शिकवत होती, "मुळाशी वडू नका. टोकाकडनं घ्या."

मी मेली शरमेनं झाडामागं गेले. थोडी मागं फिरले, मोठ्यानं खोकत परत आले. तोवर अक्का गवत बांधत होती आणि भावजी आभाळाकडं बघत होते. मी हसू दाबून भाकरी ठेवली. खरं सांगते, त्या दिवशी माझ्या पोटात दुखलं. आमच्या मालकांना बायकोच्या डोक्यावर केस आहेत की नाहीत हे तरी ठाऊक होतं का, देव जाणे.

पुढच्या दसऱ्यानंतर भरतीवाले आले. मोठी लाम, म्हणजे साहेबाची पहिली मोठी लढाई, चालू होती. मावळातले गडी उंच नसले तरी चिवट, म्हणून हवे होते. भावजींनी नाव दिलं. अक्का रडली नाही. त्यांना तळेगावच्या गाडीत बसवून आलो, तशी ती तडक वाघजाईच्या देवळात गेली आणि माझ्यादेखत म्हणाली, "त्ये सुखरूप येस्तवर माझ्या डोक्याला तेल न्हाई, फणी न्हाई."

बायका नवस बोलतात. कुणी भात सोडतं, कुणी पायात चप्पल घालत नाही. हिनं नेमकं तेच सोडलं जे त्यांच्या हातानं व्हायचं. मला तेव्हा ते कळलं नाही, मी म्हणाले, बरं झालं, दर रविवारी तुझा गुंता सोडवण्यात जायचा तो तास वाचला.

सरळ केसांचं कदाचित निभावलं असतं. हिच्या केसांचं सहा महिन्यांत दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखं झालं. वर्षभरात मागं एक जट लोंबायला लागली, मनगटाएवढी जाड. दोन वर्षांनी ती कमरेपर्यंत आली. डोकं जड होऊन तिची मान दुखायची. मी उशाला गोधडीची घडी करून द्यायची. आणि मग आली मानमोडीच्या तापाची साथ. घराघरातून माणसं गेली, काही घरांत पाणी द्यायला कुणी उरलं नाही. आमच्या घरात मात्र एकही दगावलं नाही. झालं! गावानं ठरवलं, ही साधी जट नाही, वाघजाई हिच्या डोक्यावर येऊन बसलीय.

मंगळवारी, शुक्रवारी बाया हळदकुंकू घेऊन यायला लागल्या. अक्का भांडी घासत असली तर तिला उठवून पाटावर बसवायच्या. सासूबाईंचं नाव विठाबाई, बाई मोठी मानाची. त्यांना ते आवडलं. त्यांनी अक्काला शेणात, चुलीत हात घालायला बंदी केली. म्हणजे काम कुणाच्या गळ्यात? माझ्या. मी चिडायची, चुलीपुढं एकटीच बडबडायची. एकदा अक्काच मागून आली आणि माझ्या हातातलं पीठ ओढून मळायला लागली. म्हणाली, मला पाटावर बसवून बसवून माझी ढुंगणं दुखतात गं. आम्ही दोघी हसलो. तिला कसलीच देवी व्हायचं नव्हतं. तिला भावजी घरी यायला हवे होते आणि माळावरच्या त्या दगडावर बसायचं होतं, एवढंच.

पत्रं यायची, शाळेचे मास्तर वाचून दाखवायचे. भावजी समुद्रापार, इराकात बसऱ्याला होते. तिथं गोळीपेक्षा तापानं जास्त माणसं मेली. त्यांच्या तंबूत नऊ जण होते, उरले हे एकटे. घरून सासूबाईंनी मास्तरांकडून लिहवून घेतलं होतं की तुझ्या बायकोला जट आली आहे, तीच तुला राखते. त्या माणसानं परक्या मुलखात रोज उठून त्या जटेला हात जोडले. आपण त्याला दोष तरी काय देणार? आठ जणांना पुरून उरलेला माणूस, त्याला कशाला तरी धरून राहायचंच होतं.

तीन वर्षांनी ते आले. काळे पडलेले, गालफडं बसलेली, पण धड. अक्का सकाळपासून दारात उभी होती. जुनेर सोडून तिनं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. नवस फिटला होता, म्हणून कोनाड्यात तिनं तेलाची वाटी आणि नवी फणी काढून ठेवली होती. मला आदल्या दिवशी दाखवली होती, लाजत. भावजी अंगणात आले. पिशवी खाली ठेवली. तिच्याकडं बघितलं, आणि सगळ्यांच्या देखत खाली वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई," म्हणाले, "तुज्यामुळं जित्ता हाय मी."

नवऱ्यानं बायकोला आई म्हटलं! बाया कौतुकानं डोळे पुसत होत्या. मी अक्काचं तोंड बघितलं. ती दाराची चौकट धरून उभी राहिली. पाय मागं घेतले नाहीत.

त्या दिवसापासून भावजींनी आपलं अंथरूण ओटीवर टाकलं. तिच्या हातचं जेवायचे ते प्रसादासारखं. चुकून तिला बोट लागलं तर हात जोडून कपाळाला लावायचे. सासूबाईंनी दुसरं लग्न काढलं, तर त्याला नाही म्हणाले. रागही नाही, भांडणही नाही. भांडण असतं तर मिटलं असतं.

एक वर्ष अक्कानं वाट बघितली. मग एकदा भात झोडपणीच्या दिवसांत, घरातली सगळी खळ्यावर असताना, मला म्हणाली की वरच्या वाडीच्या बायडाबाईला बोलाव. बायडाबाई डोंगरातली, मोळ्या आणि करंजाचं तेल घेऊन खाली यायची. तापातून उठलेल्या बायकांचे गुंते सोडवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं जट हातात घेतली, वजन बघितलं, नाकाला लावली. मी घाबरत विचारलं, देवीचा कोप होईल का? ती म्हणाली, "हितं देवी न्हाई बये, धूळ हाय."

रोज दुपारी गोठ्यामागं आमचं काम चालायचं. कोमट करंजाचं तेल टोकाला चोळायचं, मुरू द्यायचं, मग दाभणानं एकेक केस सैल करायचा. फणी नाहीच, सगळी बोटं. दिवसाला बोटभर सुटायचं. झालं की मोकळी झालेली टोकं जटेवर गुंडाळून वर पदर. करंजाचा वास काही लपत नाही. सासूबाईंनी विचारलं तर मी सांगितलं, माझ्या पोरीच्या डोक्यात उवा झाल्यात. तीन आठवड्यांत निम्मी जट सुटली. अक्काचं तोंड बदलायला लागलं होतं. एकदा तर ती गुणगुणली.

आणि भावजींना ताप आला. हुडहुडी भरून दात वाजायला लागले, चार गोधड्या पुरेनात. बसऱ्याहून आणलेला तो ताप. आदल्या वर्षीही आला होता आणि आठवड्यानं गेला होता. पण त्या वेळी ते आठवलं कुणाला? बरळत होते, तिच्या जटेला धरून ठेवा म्हणत होते. सासूबाई छाती बडवत होत्या. अक्का माझ्याकडं बघत राहिली. ती विचारत होती, मी काय करू?

आणि मी, सगळं ठाऊक असलेली मी, म्हणाले, "अक्का, बांध ती."

तिनं बांधली. सोडवलेले केस पिळून पिळून जटेवर गुंडाळले आणि वर सुताची दोरी आवळली. पाचव्या दिवशी भावजींचा ताप उतरला. तो उतरणारच होता. पण आता त्यावर कुणाचं बोलणं चाललं असतं? बायडाबाई पुन्हा आली तेव्हा अक्कानं तिला भाकरी खाऊ घालून परत पाठवलं. कोनाड्यातली फणी तिनं मला दिली. त्या फणीनं मी माझ्या पाच पोरांचे केस विंचरले, आणि दर वेळी अक्का समोर बसून बघायची. पोरं तिच्याच मांडीवर वाढली. तिला स्वतःचं झालं नाही, ते कसं होणार होतं?

अशी वीस-एकवीस वर्षं गेली. सांगायला दोन शब्द लागतात. रोज संध्याकाळी ते ओटीवर, ही आत, मध्ये एक उंबरा. कधी कधी दोघं एकाच वेळी माळाकडं बघत बसलेली दिसायची. मला वाटायचं, जाऊन दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत. सासूबाई गेल्या, आमचे मालक गेले, जट पांढरी झाली. दुसरी लाम सुरू झाली.

त्या लामेच्या तिसऱ्या दिवाळीला भावजी अंथरुणाला खिळले. छातीत कफ भरलेला, श्वास घेताना आवाज यायचा. लोणावळ्याहून डॉक्टर आणला. त्यानं नळी लावून बघितलं आणि बाहेर येऊन मला सांगितलं की पावण्यारावळ्यांना कळवा. आत भावजींनी ते ऐकलं. त्यांना काही वाईट वाटलं असं दिसलं नाही. उलट तोंडावर इतक्या वर्षांत न बघितलेलं काहीतरी आलं. त्यांनी मला हाक मारून तेल मागितलं. मला वाटलं, छातीला चोळायला.

वाटी घेऊन गेले तर म्हणतात, अक्काला इकडं बसव. ती बसली, पाठ करून. सुताची दोरी सोडायला त्यांना माझीच मदत लागली, गाठ घट्ट बसली होती.

"कस्तुरे," ते म्हणाले, "आता मरायचंच हाय. आता कशाला भ्यायचं?"

चोवीस-पंचवीस वर्षांनी तिनं त्यांच्या तोंडून आपलं नाव ऐकलं. तिचे खांदे हलायला लागले. मी उठून बाहेर आले. या वेळी खोकले नाही.

पहिल्या दिवशी चार केस सुटले असतील. दुसऱ्या दिवशी ते बोटभर पुढं गेले. दमले की वाटी बाजूला ठेवायचे, दम खाल्ला की पुन्हा घ्यायचे. पावणे येऊन बसले होते मरणाला, आणि आत म्हाताऱ्याचं हे चाललेलं. कुणी नाकं मुरडली. मी सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं. पंधरा दिवसांनी ते टेकून बसायला लागले. महिन्यानं भाकरी मागितली. संक्रांतीला जट पूर्ण सुटली. निम्मे केस तुटून हातात आले, राहिले ते पांढरे, मऊ आणि अजून कुरळे. आणि भावजी ओटीवर उन्हात बसले होते, चांगले धडधाकट.

मी तीळगूळ द्यायला गेले. अक्का त्यांच्यापुढं पायरीवर बसली होती, भर अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. वाटीत कारळ्याचं तेल होतं. भावजींचे हात तिच्या केसांत तसेच थांबले होते. ते रडत होते, लहान पोरासारखे, नाक पुसायचीही शुद्ध नव्हती.

"म्या मेलो न्हाई गं," म्हणाले. "कस्तुरे, जट सुटली तरी म्या मेलो न्हाई."

मला सगळं आठवलं. गोठ्यामागची दुपार, दाभण, निम्मी सुटलेली जट आणि माझे ते दोन शब्द. तीळगुळाचं ताट घेऊन मी तशीच उभी राहिले. वाटलं, आता ही बाई आम्हा दोघांना काय बोलेल ते बोलू दे, तिचा हक्क आहे.

अक्का मागं वळली नाही. तिनं हात मागं नेला, त्यांचं मनगट चाचपून धरलं आणि केसांवरून खाली आणलं.

"मुळाशी वडू नका," ती म्हणाली. "टोकाकडनं घ्या."